गर्दीतले चौघे

३० मार्च १९६७ची संध्याकाळ. लंडनच्या चेल्सी भागात, फ्लड स्ट्रीटवरच्या एका स्टुडिओचं दार ढकलून तुम्ही आत येता. आधी जाणवतो फुलांचा वास, मग दिव्यांची धग. समोर गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखी मांडणी आहे: मागे माणसांच्या चढत्या रांगा, पुढे फुलांचा वाफा, मधोमध मोठा ड्रम. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमच्या कव्हरचा फोटो इथे निघणार आहे.

जवळ जा. मागची माणसं सपाट आहेत. कृष्णधवल फोटो माणसाच्या उंचीचे करून फळ्यांवर डकवलेत, कडेने कापून उभे केलेत. चित्रकार जॅन हॉवर्थ यांनी त्यांतल्या काहींवर हाताने रंग चढवलाय. त्यांची आणि पती पीटर ब्लेक यांची कल्पना साधी आहे: बागेतला कार्यक्रम नुकताच संपलाय आणि बँड आपल्या श्रोत्यांसोबत फोटोला उभा आहे. कोणते श्रोते, ते बँडने आपल्या आवडीने ठरवायचं.

आता डावीकडे बघा. मादाम तुसाँच्या संग्रहालयातून आणलेले बीटल्सचेच मेणाचे पुतळे, गडद सुटांतले. त्यांना खेटून खरे चौघे, झगझगीत सॅटिनच्या लष्करी थाटाच्या पोशाखात: जॉन पिवळ्या, रिंगो गुलाबी, पॉल निळ्या, जॉर्ज लाल. सबंध चौकटीत एवढा भडक रंग दुसऱ्या कुणाच्याच अंगावर नाही. म्हणूनच इतक्या गर्दीतही तुमची नजर आधी त्यांच्यावर जाते. शेजारच्या काळ्या सुटांमुळे जुने बीटल्स मागे पडल्याचं एक शब्दही न लिहिता कळतं.

छायाचित्रकार मायकेल कूपर कॅमेऱ्यामागे उभे राहतात. कागद, मेण आणि हाडामांसाची माणसं एकाच उजेडात न्हाऊन निघतात. कॅमेऱ्यात त्यांच्यातला फरक पुसट होतो. माझ्या मते या कव्हरची सगळी ताकद इथे आहे. तुकडे डार्करूममध्ये जोडले असते तर ते जोडलेलेच दिसले असते. इथे सगळं एका जागी खरोखर उभं आहे, म्हणून अशक्य मैफलही घडल्यासारखी वाटते.

अक्षरंही याच जगातली. अल्बमचं नाव जो एफग्रेव्ह यांनी ड्रमच्या कातड्यावर रंगवलंय, बँडचं नाव लाल हायसिंथच्या फुलांनी लिहिलंय. वाफ्यातली पिवळ्या फुलांची गिटार दिसली? फुलं घेऊन आलेल्या पोराने हौसेने विचारून ती मांडली. तिथेच चार हातांची छोटी लक्ष्मीही आहे. आणि मागच्या रांगांत जॉर्जच्या आग्रहाने आलेले चार भारतीय गुरू: महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर, परमहंस योगानंद.

आणखी एक भारतीय चेहरा आज इथे आहे: महात्मा गांधी. तो नीट बघून घ्या, कारण छापलेल्या कव्हरवर तो नसेल. भारतात लोक दुखावतील या धास्तीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड तो काढायला लावतील आणि त्या जागी झाडाची पानं रंगवली जातील. चित्रातल्या हयात व्यक्तींची परवानगीही मागावी लागेल. अभिनेत्री मे वेस्ट आधी नकार देतील. बीटल्सनी स्वतः पत्र लिहिल्यावर त्या राजी होतील. खर्च ३,००० पौंडांच्या घरात जाईल, त्या काळच्या नेहमीच्या कव्हरच्या कितीतरी पट.

आता जून १९६७. रेकॉर्डच्या दुकानात तुम्ही हे कव्हर उलटता. मागच्या बाजूला लाल पार्श्वभूमीवर सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेत. रॉकच्या श्रोत्याला हे नवं आहे. आत एक जाड कागद निघतो, त्यावर कापून लावायच्या मिशा आणि लष्करी फिती. घरी गेल्यावर रेकॉर्ड वाजत असताना तुम्ही चेहरे ओळखत बसाल, शब्द वाचाल, मिशी कापून ओठांवर धराल.

कव्हर म्हणजे रेकॉर्डला धूळ लागू नये म्हणून घातलेलं वेष्टन, ही समजूत इथे मोडते. कानांना जेवढं दिलंय, तेवढंच डोळ्यांना आणि हातांनाही द्यायचं, असं या मंडळींनी ठरवलं आणि बारा इंचांच्या चौकोनात ते करून दाखवलं. पुढे कव्हरसाठीचं ग्रॅमी त्यांना मिळालं, ते या कष्टांचं चीज होतं.