बेंजो, भोंगा आणि फाटका आवाज

गिटारचा ॲम्प्लिफायर वेगळा असतो, हे आमच्या खामगावात पूर्वी कुणाच्या गावीही नव्हतं. वडिलांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. कीर्तनाला जे मशीन, तेच निवडणुकीच्या सभेला आणि तेच वरातीच्या बेंजोला. हा बेंजो मूळचा जपानचा. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली कळा दाबून वाजवायचं तारवाद्य काढलं, ताइशोगोतो. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि तारांखाली पिकअप बसल्यावर ते वरातीपुढं चालू लागलं.

गावोगावी वीज नव्हती तेव्हा मशीन मोटारीच्या बॅटरीवर चाले. मशीनमधल्या व्हॉल्व्हला दोन-तीनशे व्होल्ट लागतात. बॅटरी देणार सहा, नाहीतर बारा. म्हणून मधे व्हायब्रेटर नावाची डबी असे. तिच्यातली पत्ती सारखी थरथरून प्रवाह तोडे-जोडे आणि ट्रान्सफॉर्मर तो चढवून देई. पत्तीची टोकं जळाली की मशीन मुकं. मग वडील कंदिलाशी बसून ती टोकं बारीक पॉलिश पेपरनं घासत. सैलानीच्या यात्रेला निघताना जास्तीची डबी पिशवीत असायचीच.

व्हॉल्व्ह आधी विलायती येत, मलार्डचे किंवा फिलिप्सचे. १९६१ पासून बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ते बनवू लागली. तिचे जुने ईएल-८४ आता परदेशातले गिटारवाले शोधून विकत घेतात. आम्ही मात्र रिकाम्या खोक्यांत खिळे ठेवले!

कीर्तनात शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा. ‘आवाज फाटून राह्यला ना बाप्पा!’ असं मंडपातून कुणी ओरडलं की वडील घाईनं बटण मागं घेत. बेंजोवाला मात्र तेच बटण पुढं ढकली. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे आधी दबतात, मग छाटले जातात. तार गुरगुरायला लागते. इंग्लंडात डार्टफर्डला टॉम जेनिंग्जच्या कंपनीत डिक डेनीनं १९५८ साली व्हॉक्स एसी-१५ हा गिटारचा ॲम्प्लिफायर केला, मागोमाग चार ईएल-८४ चा एसी-३०. लोकांनी त्यांचाही आवाज फाडूनच वाजवला. आम्ही ज्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्याचे तिकडे दाम मोजले जातात.

जेनिंग्जच्या हातून कंपनी गेली. व्हॉक्स हे नाव बरेच हात फिरून १९९२ मध्ये जपानच्या कोर्गकडे आलं. अमेरिकेतली सुप्रो, मॅग्नाटोन ही ॲम्प्लिफायरची नावंही अशीच पुन्हा उभी राहिली. मलार्डचा कारखाना इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नचा. आज ते नाव रशियात सारातोवला बनलेल्या व्हॉल्व्हवर असतं. माल वाईट नाही, पण नुसत्या नावाला भुलून पैसे टाकू नयेत.

शेगावला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा विचारतो, ‘मामा, गिटारला कोणता ॲम्प्लिफायर घेऊ?’ मी म्हणतो, पुढची पाटी राहू दे, पाठ बघ. ट्रान्सफॉर्मर जड आहे का? २३० व्होल्टचा आहे का? व्हॉल्व्ह सहज मिळणारा आहे का? जोडणी हातानं केलेली असेल तर महाग पडते, पण आमच्यासारख्याला दुरुस्त करता येते. छापील सर्किटवर सॉकेट असेल तर जळाल्यावर पट्टीच उखडते. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज खाली-वर होतं, तेव्हा चांगल्या स्टॅबिलायझरचे पैसे आधी बाजूला काढ.

आणि पंधरा वॉट पुष्कळ झाले. तीस वॉटचं मशीन गुरगुरायला लागेपर्यंत होस्टेल रिकामं होईल. स्पीकर जोडल्याशिवाय ते कधी चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. प्लग काढला तरी मागचं झाकण स्वतः उघडू नये. कपॅसिटरमध्ये माणूस मारण्याइतकी वीज शिल्लक असते.