सहा छिद्रे आणि अर्धा झाकलेला मध्यम

थ्रेड.

१/ बासरीवर बोटांसाठी छिद्रे सहा आणि सप्तकातले स्वर बारा. हा हिशेब जुळवावा कसा, हा प्रश्न भारत, चीन आणि युरोप या तिन्ही ठिकाणी उभा राहिला आणि तिन्ही ठिकाणी त्याची उत्तरे निराळी निघाली. बासरी शिकणाऱ्याच्या वाट्याला पहिली काही वर्षे कोणते कष्ट येणार, हे त्या उत्तरांनीच ठरवले.

२/ आरंभ वऱ्हाडातून करू. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्येला, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजनाघाट हे संत्र्यांच्या रोपवाटिकांचे गाव आहे. त्याच सातपुड्यात पश्चिमेकडे गेले की मेळघाट लागतो. दिवाळीनंतर तिथले आठवडी बाजार ‘घुंगरू बाजार’ म्हणून भरतात. गुरे राखणारे थाट्या त्या बाजारांत लांब बासऱ्या वाजवत नाचतात. ही बासरी कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. पोरगा थोरल्यांच्या मागे फिरतो, ऐकतो आणि वाजवू लागतो.

३/ या भूमीचे आडव्या बासरीशी नाते जुने आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात नर्तकीभोवती बसलेल्या वादक स्त्रियांपैकी काहींच्या ओठांना आडवी बासरी लावलेली दिसते. हे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले मानले जाते. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. वऱ्हाडच्या सत्तेच्या छायेत रंगलेली ती बासरी आहे.

४/ चीनमधला पुरावा याहून जुना. हूपेई प्रांतात १९७८ साली सामंत यी याचे इ.स.पू. ४३३ च्या सुमाराचे थडगे उकरले गेले. प्रचंड कांस्यघंटांसाठी ते गाजले, पण त्याच थडग्यात आडवी धरून फुंकायची बांबूची दोन वाद्येही मिळाली. तेव्हा ‘बासरी कुणी कुणाला दिली’ या समाजमाध्यमांवरच्या आवडत्या भांडणात फारसा अर्थ नाही.

५/ आता बोटांकडे. बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज मिळतो. सहाही झाकली की खालचा पंचम. चिनी बासरीची, म्हणजे डिझीची, सर्वांत रूढ पद्धतही नेमकी हीच! वरची तीन झाकून ‘१’, सहाही झाकून खालचा ‘५’. चिनी विद्यार्थी स्वर आकड्यांनी लिहितो आणि त्याचा ‘१’ आपल्या षड्जासारखाच हव्या त्या पट्टीवर सरकतो. बासरी शिकलेल्या वऱ्हाडी मुलाच्या हाती डिझी दिली, तर सा शोधायला त्याला क्षणभरही लागणार नाही.

६/ अडचणही दोघांची एकच आहे, ती म्हणजे मध्यम. सगळी छिद्रे उघडली की तीव्र मध्यम वाजतो. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धेच झाकावे लागते. ते किती झाकायचे हे कोणतीही खूण सांगत नाही, कानच सांगतो. डिझीवर त्यासाठी अर्धे छिद्र किंवा बोटांची आडवळणी मांडणी वापरतात. नवशिक्याचे पहिले वर्ष बरेचसे या एका स्वराभोवती जाते.

७/ युरोपातही हीच कथा होती. अठराव्या शतकातली तिथली बासरी लाकडी होती, सहा छिद्रांची आणि एका चावीची. क्वांट्झने १७५२ साली आपला प्रसिद्ध शिक्षणग्रंथ लिहिला तो या घराण्याच्या बासरीसाठी. ज्या स्वरांना स्वतःचे छिद्र नव्हते, ते दबके आणि झाकोळलेले वाजत.

८/ म्युनिकच्या थिओबाल्ड बोमला हा भेद खपला नाही. तो सोनारकामात तयार झालेला आणि दरबारी वाद्यवृंदात बासरी वाजवणारा. त्याने प्रश्न उलटा केला. बोटे पोचतील तिथे छिद्र पाडण्याऐवजी ध्वनिशास्त्र सांगेल तिथे छिद्र पाडायचे, आणि मग ते बोटांना झाकता यावे म्हणून चाव्यांची यंत्रणा रचायची. १८३२ मध्ये पहिला आराखडा आला, १८४७ मध्ये धातूची सरळ नळी. बाराही स्वर समान बळाने बोलू लागले. आज पाश्चात्त्य फ्लूट शिकणाऱ्याला अर्ध्या छिद्राची चिंता नाही. त्याचे कष्ट ओठ, श्वास आणि स्वरलेखन यांवर खर्च होतात. मात्र बोट आणि हवा यांच्यामध्ये चावी आली, आणि मींड दुरावली. बोट हळूहळू सरकवून एका स्वरातून दुसऱ्यात वितळत जाणे चाव्यांच्या बासरीवर फार मर्यादित उरते.

९/ डिझीकडे मात्र एक वस्तू अशी आहे, जी इतर दोघींकडे नाही. फुंकण्याचे छिद्र आणि बोटांची छिद्रे यांच्यामध्ये तिला आणखी एक छिद्र असते. त्यावर बोरूसारख्या वेताच्या पोटातला पातळ पापुद्रा चिकटवतात. तो थरथरला की स्वराला झणझणीत, लखलखीत धार येते. म्हणून डिझीचा पहिला धडा फुंकरीचा नसतो, पापुद्रा लावण्याचा असतो. गाढवाच्या कातडीपासून केलेला डिंक किंवा लसणाचा रस बोटावर घ्यायचा आणि पापुद्र्यावर बारीक चुण्या पाडून तो बसवायचा. फार ताणला तर आवाज बसतो, सैल राहिला तर नुसता भरभरतो. हवा कोरडी झाली की तो ताणतो, दमट झाली की ढिला पडतो. वऱ्हाडच्या मे महिन्यात त्याच्याशी झटापट ठरलेलीच.

१०/ १९३० च्या दशकात चीनमध्ये आधुनिकतेची ओढ प्रबळ होती. पाश्चात्त्य फ्लूटच्या तोडीला तोड म्हणून अकरा छिद्रांची, बाराही स्वर देणारी डिझी बनवली गेली. मध्यमाचा प्रश्न सुटला, पण वाढलेल्या छिद्रांमुळे पापुद्रा नीट काम देईना. बारा स्वर मिळाले आणि डिझीचा आवाज गेला. शेंदूरजनाघाटचा रोपवाटिकावाला जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो तेव्हा झाड बळकट होते आणि फळ संत्र्याचेच राहते. इथे कलम जगले, पण फळाची चव बदलली.

११/ त्याच काळात बंगालच्या बारिसालमध्ये १९११ साली जन्मलेले पन्नालाल घोष बासरीला रागसंगीताच्या बैठकीत बसवण्यासाठी झगडत होते. १९४० मध्ये ते मुंबईला आले. धातूच्या नळ्याही त्यांनी करून पाहिल्या आणि अखेर बांबूकडेच परतले. नळी सुमारे ३२ इंचांपर्यंत लांबवली, म्हणजे खर्जाचे गांभीर्य आले. आणि करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले, ज्यामुळे मंद्र पंचमाच्याही खाली उतरून तीव्र मध्यम घेता येऊ लागला. चावी त्यांनी लावली नाही. शुद्ध मध्यम अर्धा झाकूनच घ्यायचा राहिला, कारण त्या अर्ध्या बोटातच मींड होती.

१२/ चीननेही पुढे तीच वाट धरली. १९५३ मध्ये राष्ट्रीय लोकसंगीत महोत्सवात उत्तरेच्या फेंग झिछुन यांनी डिझीचे एकलवादन केले आणि नाटकांत साथ करणारे हे वाद्य मंचाच्या मध्यभागी आले. त्यांच्या हाती सहा छिद्रांची, पापुद्र्याची जुनीच डिझी होती. अकरा छिद्रांची मागे पडली. आजचा चिनी विद्यार्थी पट्टी बदलायची असेल तर सहसा निराळी डिझी उचलतो. त्याच्या पेटीत चार-सहा नळ्या असतात आणि सोबत पापुद्र्यांची एक चपटी पुडी.