‘अशी फाइल नाही’: एका निरोपाचा इतिहास

मूळ संहितेपासून प्रोग्राम बांधायला घेतला की संगणक पुष्कळदा एकाच ठिकाणी अडतो: अमुक हेडर फाइल सापडत नाही. बहुतेक जण तिथेच हात टेकतात. निरोप बिघाडाचा वाटतो. त्यामागे मात्र दोन जुने निर्णय आहेत.

पहिला बेल लॅब्जमधला. सी भाषेत एका फाइलमध्ये दुसरी ओढून घेण्याची सोय १९७२-७३च्या सुमारास आली. अ‍ॅलन स्नायडर यांचा आग्रह आणि बीसीपीएल, पीएल/वन या भाषांतली तशीच सोय, ही कारणे डेनिस रिची यांनीच नोंदवली आहेत. हेडरमध्ये काम नसते, कामाचा करार असतो: कोणते फंक्शन आहे, त्याला काय द्यायचे, ते काय परत देणार. प्रत्यक्ष काम लायब्ररीत.

दुसरा निर्णय लिनक्स वितरणांचा. तयार प्रोग्राम चालवायला लायब्ररी पुरते. हेडर फक्त बांधणाऱ्याला लागतात. म्हणून त्यांचे पॅकेज वेगळे झाले. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये त्याच्या नावाला ‘डेव्ह’ हे शेपूट असते, रेड हॅटमध्ये ‘डेव्हेल’. लायब्ररी आहे आणि हेडर नाही, हे कोडे इथले. वापरणारा आणि घडवणारा यांच्यात रेघ पडली.

मराठीला ही रेघ कुठे आडवी येते, ते टेसेरॅक्टमध्ये दिसते. छापील अक्षरे ओळखणारा हा प्रोग्राम एचपीत घडला, २००५ साली खुला झाला. आज तो मराठीही वाचतो. वसई-विरारमधल्या एखाद्या वाचनालयाने जुन्या अंकांसाठी तो स्वतः बांधायला घेतला, तर आधी लेप्टोनिकाचे हेडर लागतात. ते नसतील तर काम थांबते. आयसीयू, पँगो, कैरो यांचे हेडर नसतील तर मात्र काम पुढे जाते. एवढीच सूचना येते की शिकवण्याची साधने बांधली जाणार नाहीत. ती नजरेआड झाली तर वाचणारा प्रोग्राम हाती येतो, पण ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ त्याला नीट शिकवण्याची वाट बंद राहते.

उपाय साधा आहे. त्रुटींच्या ढिगातली पहिली ओळ वाचावी. हरवलेल्या फाइलचे नाव तिथेच असते. ती कोणत्या पॅकेजमध्ये आहे, हे डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी-फाइल’ सांगते. पॅकेज बसवूनही अडले, तर ‘पीकेजी-कॉन्फिग’ला फोल्डरचा पत्ता विचारावा, फ्रीटाइपचे हेडर असेच वेगळ्या फोल्डरात असतात. कुठून तरी सुटी हेडर फाइल आणून चिकटवू नये. आवृत्ती जुळली नाही, तर करार एक आणि काम भलतेच होते.

मराठी अक्षरे कोणी दुसऱ्याने शिकवून ठेवावीत, की आपण शिकवावीत? त्याचे उत्तर पुष्कळदा या ‘डेव्ह’ शेपटाच्या पॅकेजपाशी अडलेले असते.