एक बरोबरी, दोन आठवणी

१/ ३ मे १९९७. इंग्लंडमधील हेरफर्डचे एडगर स्ट्रीट मैदान. हेरफर्ड युनायटेड विरुद्ध ब्रायटन: चौथ्या श्रेणीच्या हंगामातील अखेरचा सामना. तळाचा संघ फुटबॉल लीगबाहेर जाणार होता. या घसरणीलाच रेलिगेशन म्हणतात.

२/ ब्रायटन तेव्हा बेघर झाला होता. १९०२ पासूनचे गोल्डस्टोन मैदान संचालकांनी विकले होते. तेथील शेवटचा सामना आठवड्यापूर्वीच झाला होता.

३/ स्वयंगोलामुळे ब्रायटन पिछाडीवर गेला. उत्तरार्धात बदली खेळाडू रॉबी रेनेल्टने बरोबरी साधली. दोन्ही संघांचे गुण ४७; हंगामातील गोल मात्र ब्रायटनचे ५३, हेरफर्डचे ५०. ब्रायटन तगला.

४/ पुढील दोन वर्षे ब्रायटनचे ‘घरचे’ सामनेही दूरच्या गिलिंगहॅममध्ये झाले. चाहत्यांसाठी प्रत्येक सामना परगावचाच ठरला.

५/ २०१७ मध्ये ब्रायटन प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. तरीही जुने चाहते त्या दुपारविषयी हळवे होतात, कारण क्लब उद्या असेल की नाही, याची खात्री नसतानाही ते त्याच्यासोबत होते.

६/ हेरफर्डच्या वाट्याला त्याच गोलाची सल आली. तो क्लब २०१४ मध्ये अवसायनात निघाला. चाहत्यांनी नवा क्लब उभारला. तो आजही एडगर स्ट्रीटवरच खेळतो.