परवच्यापासून बचतीच्या वहीपर्यंत

"मलाच गणित येत नाही, पोराला काय शिकवू?" असं आपल्या कडावच्या गटांत बऱ्याच जणी म्हणतात. पण घरी गणित घ्यायची आपली रीत जुनी आहे.

पूर्वी शिकल्या घरांत दिवेलागणीला परवचा व्हायचा. मुलं मोठ्यांसमोर बसून तीसपर्यंतचे पाढे म्हणत. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी. हे अपूर्णांकांचे पाढे. अठरा पाव किती? साडेचार. पाटीची गरज नाही. व्यवहारही तसाच होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, चार शेरांची पायली, तिची निम्मी अधोली. परवच्याला बसायचे बहुतेक मुलगेच. मुलींचा पाव-अर्धा-पाऊण चुलीजवळ, तांदूळ मापताना पक्का होई.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ बरोबर, पण एका आण्याचे सव्वासहा! पुढे शेर-मण जाऊन किलो-लिटर आले. आजीचा हिशोब आणि नातवाचं पुस्तक जुळेना. पुस्तकातलं तेवढंच गणित खरं, असं वाटू लागलं, आणि घरातल्या बाईने आपलं गणित मोजायचंच सोडलं.

२०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं. त्यावरून मोठा वाद झाला. समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं, की जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलांना याने सोपं जाईल. आईबापांना मात्र पुन्हा वाटलं, हे आपलं नाही.

पुस्तकं बदलतात, मैत्रिणींनो. घरातला व्यवहार राहतो. पाव किलो डाळ आजही पावकीच आहे. आणि आपल्याकडे आजीकडे नव्हती ती वस्तू आहे, बचत गटाची वही. समजा, ५,००० रुपये कर्ज, महिना शेकडा २ रुपये व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज १००. मुद्दलातले ५०० फेडले, की पुढच्या महिन्याचं ९०. दहा रुपये का कमी झाले, हे पोरीला विचारा. तिला नाही आलं, तर दोघी मिळून मांडा. तिचं शेकडेवारीचं गणित होईल आणि आपल्या वहीत कोण काय लिहितंय, ते आपल्यालाही कळेल.