खेळाच्या चिपांची तेजीमंदी



आमच्या पिंगळीच्या काळ्या रानांत कापूस होतो. तेव्हां तेजीमंदी आम्हांस नवी नव्हे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेस पोंचेना, आणि इकडे मुंबई गबर झाली. १८६५ सालीं युद्ध थांबतांच तेथील कित्येक पेढ्या व कंपन्या बुडाल्या.

एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या खेळखात्याचा इतिहास याच जातीचा आहे. संगणकावरील खेळांचीं चित्रें झरझर रेखाटणारी जीफोर्स चिप तिनें १९९९ सालीं विक्रीस काढिली. पुढें अशा चिपांचीं कार्डें इथीरियमसारखें आभासी चलन पाडण्यास उपयोगी ठरलीं. खेळणारा एक कार्ड घेई. चलनवाला शेंकड्यांनीं उचली, आणि त्यांतील बराच पैसा ‘खेळ’ याच सदरीं जमा होई. २०१८ सालीं चलनाचे भाव कोसळले. जानेवारी २०१९ अखेरच्या तिमाहींत या खात्याची विक्री वर्षापूर्वींच्या मानानें ४५ टक्के घटली.

मग महामारींत लोक घरीं बसले, चलनही पुन्हां चढलें. जानेवारी २०२२ अखेरच्या वर्षीं विक्री सुमारें १,२४६ कोटी डॉलर. पुढल्याच वर्षीं ९०७ कोटी! व्यापाऱ्यांकडे माल तुंबला होता, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथीरियमनें पद्धत बदलून कार्डांची गरजच काढून टाकिली.

गिऱ्हाईक खेळगडी कीं चलनवाला, हें भागधारकास कसें कळावें? २०१७ सालच्या विक्रींतील चलनवाल्यांचा हात नीट उघड केला नाहीं, या आरोपावरून अमेरिकन रोखेबाजाराच्या नियामक मंडळानें मे २०२२ मध्यें कंपनीस ५५ लक्ष डॉलर दंड ठोठावला. आरोप मान्य वा अमान्य न करितां कंपनीनें तो भरण्याचें कबूल केलें. एवढ्या उलाढालीपुढें मला तो फार हलका वाटतो.