काळी पडलेली ज्वारी खावी का? बुरशीचा इतिहास काय सांगतो

गणपती आणि महालक्ष्म्या उरकल्या, की अहमदपूर भागात खरीप ज्वारी असलेल्या घरात धाकधूक सुरू होते. कणीस भरलेलं असतं, दाणा टणक होत आलेला असतो आणि आभाळ काही हटत नाही. चार-सहा दिवस झड लागली, की पांढरा दाणा गुलाबी, करडा आणि शेवटी काळा पडतो. मग दवाखान्यात हमखास प्रश्न येतो: "डॉक्टर, धुऊन, उन्हात वाळवून खाल्ली तर चालंल का?"

या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आपल्या घरात आहे. त्यांना दाणा टाकून द्या म्हणणं सोपं नाही. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

पूर्वी ज्वारी इतकी काळी का पडत नव्हती?

जुने गावरान खरीप वाण दिवस लहान होऊ लागल्यावर फुलायचे. दाणा पक्का होईपर्यंत पाऊस ओसरलेला असायचा. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हा पहिला संकरित वाण आला. तो साधारण १०० दिवसांत तयार व्हायचा. उत्पन्न वाढलं, पण दाणा भरण्याची वेळ पावसात आली. ओल्या दाण्यावर फ्युजारियम, कर्व्हुलेरिया, अल्टरनेरिया, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशी वाढू लागल्या. रब्बीची मालदांडी मात्र कोरड्या दिवसांत पिकते, म्हणून ती मोत्यासारखी राहते. हायब्रीडने पोटं भरली हे खरंच आहे. त्याची ही एक किंमत होती.

माणसं आजारी पडली ती कधी?

पहिली घटना बाजरीची. १९५६-५७ मध्ये त्या वेळच्या मुंबई राज्यात अर्गट नावाची बुरशी लागलेली बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी असा त्रास झाला. युरोपात मध्ययुगात राय या धान्यावरच्या अर्गटने माणसांचे हातपाय काळे पडून सडत. आपल्या बाजरीवरच्या अर्गटमधली द्रव्यं वेगळी असल्याने त्रास तेवढा भयंकर नव्हता.

दुसरी घटना १९६० ची, इंग्लंडमधली. तिथे लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. त्यातून अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. ते यकृतावर घाला घालतं आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

तिसरी घटना आपल्या देशातली आणि सगळ्यात दुःखद. १९७४ मध्ये ऐन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला आणि मका भिजला. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागातल्या गरीब आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी तोच मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. त्या घरांतली कुत्रीसुद्धा मेली.

चौथी घटना आपल्या अगदी शेजारची, १९९५ ची. दख्खनच्या पठारावर कर्नाटक आणि आंध्रच्या गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. तपासणीत फ्युमोनिसिन हे फ्युजारियम बुरशीचं विष सापडलं. ते धान्य बंद केल्यावर लोक बरे झाले.

या घटनांत एक गोष्ट सारखी दिसते. माणसांची असो वा जनावरांची, बुरशीचं धान्य त्यांच्याच पोटात गेलं ज्यांना दुसरं निवडायची सोय नव्हती.

मग धुऊन, भाजून चालेल का?

दाणा वरवर काळा दिसला म्हणजे विष असेलच असं नाही. उलट दाणा बरा दिसला म्हणजे विष नसेलच असंही नाही. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. धुतल्याने वरची बुरशी निघते, आत मुरलेलं विष राहतं. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, तयार झालेलं विष जात नाही. तव्यावरच्या भाकरीच्या उष्णतेनेही अ‍ॅफ्लाटॉक्सिन पुरतं नष्ट होत नाही.

म्हणून एवढं करा:

* दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, की ज्वारी पक्व झाली. (हा ठिपका बुरशीचा नव्हे.) पावसाचा अंदाज असेल तर वाट न बघता कणसं कापा आणि आडोशाला पातळ पसरून वाळवा. ओल्या कणसांचा ढीग घालू नका.
* दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटेपर्यंत वाळवा, मगच पोत्यात भरा. पोती फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.
* काळी, गुलाबी, पोकळ किंवा कुबट वासाची ज्वारी माणसांनी खाऊ नये. लहान मुलं, गरोदर बाया आणि काविळीचे रुग्ण यांना तर मुळीच देऊ नका.
* ती दुभत्या जनावरालाही घालू नका. अ‍ॅफ्लाटॉक्सिनचं एक रूप दुधात उतरतं आणि तेच दूध आपल्या लेकरांच्या पेल्यात येतं.
* बाजरीत अर्गटचे काळपट खडे दिसले तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून त्यात बाजरी बुडवा. खडे वर तरंगतात, ते काढून टाका. मग बाजरी साध्या पाण्याने धुऊन वाळवा.
* बुरशीची कणसं मळताना नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. दम्याच्या रुग्णांनी खळ्यापासून लांबच राहावं.

नवीन धान्य खाल्ल्यावर घरातल्या दोघा-तिघांना एकदम जुलाब, उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर दवाखान्यात या आणि येताना त्या पोत्यातली मूठभर ज्वारीही घेऊन या. १९७४ मध्ये आणि १९९५ मध्ये आजाराचं मूळ धान्यातच सापडलं होतं.